झपाटलेला वाडा आणि आपला टू बीएचके

घोडबंदर रोडवरचा तेविसावा मजला. हॉलमधला दिवा चालू, पंखा पाचवर, समोरच्या विंगचा उजेड टीव्हीच्या काचेत, हातात मोबाइल. आणि टीव्हीवर १९६३ चा 'द हॉन्टिंग'. अशा अवस्थेत हा चित्रपट अर्ध्या तासात झोपवतो, आणि मग "जुन्या भुतांना आता कोण घाबरतं" हे ठरलेलं वाक्य येतं. माझं मत वेगळं आहे. झपाटलेल्या घराचे जुने चित्रपट दोन जातींचे आहेत. ज्यांनी भूत दाखवलं ते बहुतेक संपले. ज्यांनी दार, जिना, भिंत आणि आवाज एवढ्यावर भागवलं ते आजही अंगावर काटा आणतात, पण ते आपल्या घरात नीट पोचतच नाहीत. टीव्हीच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये आणि हॉलच्या उजेडात त्यांचा जीव जातो. ते कसं, हे जरा तपशिलात पाहू.

'द हॉन्टिंग'पासूनच सुरुवात करतो, कारण रॉबर्ट वाइज या दिग्दर्शकाने इथे एकदाही भूत दाखवलेलं नाही. ११२ मिनिटांत एकदाही नाही. सगळ्यात गाजलेला प्रसंग म्हणजे दरवाजाचा. रात्र, बंद खोली, आत माणसं, आणि पॅसेजमधून जवळ येत जाणारे ठोके. ठोके थांबतात. मग जाड लाकडी दार मधोमध फुगतं, श्वास घेतल्यासारखं आत येतं, परत जातं. दार लॅमिनेटेड लाकडाचं होतं आणि मागून माणूस दाब देत होता. युक्ती एवढीच. पण चौकट जागची हलत नाही आणि फळी वाकते, हे डोळ्याला पटतं आणि मेंदूला पटत नाही. सेटवर आधी रेकॉर्ड केलेले आवाज वाजवले जात, त्यामुळे नट्यांची नजर नेमकी त्या आवाजाच्या दिशेला फिरते. याच कथेवर १९९९ मध्ये पुन्हा चित्रपट निघाला, त्यात कॉम्प्युटरने सगळं दाखवलं. आज दोन्ही लागोपाठ पाहिले तर १९९९ चं भूत जुनं वाटतं आणि १९६३ चं दार नवं.

वाइजने पॅनाव्हिजन या कॅमेरा-लेन्सच्या कंपनीकडून ३० मिलिमीटरची एक वाइड लेन्स मागून घेतली होती. ती पुरती तयार नव्हती, कडेच्या रेषा वाकवत होती. तिच्यात दोष आहे हे मला ठाऊक आहे, असं लिहून दिल्यावरच ती त्याला मिळाली. त्याला हवा होता तो दोषच. खोल्यांचे कोपरे किंचित चुकलेले दिसतात, छत डोक्यावर उतरल्यासारखं वाटतं, आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. ही गंमत फक्त चौकटीच्या कडांना आहे. म्हणून हा चित्रपट 'झूम' करून पाहिला की निम्मं काम बाद.

त्याचं गणित असं. आपला टीव्ही १६:९, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. चित्रपट २.३५. ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर, त्यात चित्र येतं ५२ सेंटिमीटरचं. उरलेले पट्टे काळे. ते पट्टे खटकतात म्हणून रिमोटवरून 'झूम' किंवा 'फुल स्क्रीन' दाबलं की पट्टे जातात आणि त्यासोबत डावी-उजवीकडचं मिळून जवळपास चोवीस टक्के चित्र जातं. झपाटलेल्या घराच्या चित्रपटात भीती बसते ती नेमकी त्या चोवीस टक्क्यांत. पट्टे काळेच राहू द्या. खुर्च्या सात फुटांवर ओढा, सोफा भिंतीला टेकलेला असला तरी.

१९४९ च्या 'महल'ची अडचण उलटी आहे. त्याचं चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७ चं. टीव्ही ते ताणून पडदा भरतो. मधुबालाचा चेहरा तीस टक्के रुंद झाला की भय आणि सौंदर्य दोन्ही गेलं. पिक्चर साइज 'ओरिजिनल' किंवा '४:३' करा. दोन्ही बाजूंना काळं राहील, राहू द्या.

आता सगळ्यात मोठा शत्रू. नवीन टीव्ही दुकानातून येतो तेव्हा त्यात हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असते. सॅमसंगवर ती 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा 'ऑटो मोशन प्लस' या नावाने असते, एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो आणि सगळं रोजच्या मालिकेसारखं सरसर दिसू लागतं. क्रिकेटला हे ठीक आहे. पण अंधाऱ्या पॅसेजमधून मेणबत्ती घेऊन चालणारी बाई मालिकेतल्या सुनेसारखी दिसली की वाडा सेट वाटतो, आणि सेटला कोण घाबरणार? ही सोय पूर्ण बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप होतं. शिवाय डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, इको मोड हेही बंद. इको मोड पडद्याचा उजेड मधेच कमी-जास्त करतो. भूत येण्याआधी खोली आपोआप उजळली, तर ती करणी टीव्हीची.

काळा रंग कसा लावायचा, याची एक सोपी रीत आहे. काळा कोट किंवा काळा झगा असलेलं एखादं रात्रीचं दृश्य थांबवून ठेवा. कापडाच्या घड्या दिसेपर्यंत 'ब्लॅक लेव्हल' वाढवा, मग एक पायरी खाली या. काही टीव्हींवर यालाच 'ब्राइटनेस' म्हणतात, काहींवर 'ब्राइटनेस' म्हणजे मागच्या दिव्याचा जोर. फिरवून बघितलं की कळतं. फक्त काळा भाग राखाडी होत असेल तर ती ब्लॅक लेव्हल, सगळं चित्रच उजळत असेल तर तो दिवा.

खोली पूर्ण काळोखी करावी का? ओएलईडी टीव्ही असेल तर हो, त्यात काळा भाग पूर्ण विझतो. साध्या एलईडी टीव्हीवर नाही, कारण मिट्ट काळोखात त्याचा काळा रंग धुरकट दिसतो. अशा वेळी टीव्हीच्या मागे, पडद्यावर उजेड पडणार नाही असा, पाच वॉटचा एक बल्ब लावा. बाकी उजेड मात्र शोधून शोधून बंद करायचे. सेट-टॉप बॉक्स आणि राउटरचे लुकलुकणारे दिवे चिकटपट्टीने झाका. देवघरातला झिरोचा लाल बल्ब पडद्यात नेमका मधोमध दिसतो, तेव्हा देवघराचं दार लोटून घ्या. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा मोबाइल बघितला की ती सवय मोडते. १९६१ च्या 'द इनोसंट्स'मध्ये तळ्यापलीकडच्या गवतात उभी असलेली काळ्या कपड्यांतली बाई पहिल्या क्षणी लक्षातही येत नाही. मोबाइलवरून वर पाहिलेल्या डोळ्यांना ती दिसणारच नाही.

'द इनोसंट्स' मुद्दाम काढला. माझ्या मते या सगळ्या जातीत तो सर्वांत सुंदर आहे. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसला स्टुडिओने रुंद सिनेमास्कोप चौकट घ्यायला लावली. मोठ्या घरातली एकटी बाई एवढ्या रुंद चौकटीत कशी बसवायची? त्याने लेन्सपुढे हाताने रंगवलेले फिल्टर लावले, कडा काळ्या केल्या आणि मधे उजेडाची एक खिडकी शिल्लक ठेवली. मेणबत्त्यासुद्धा चार-पाच वातींच्या बनवून घेतल्या, म्हणजे ज्योत मोठी होते आणि चेहऱ्यावर खरा उजेड पडतो. डेबोरा कर हातात मेणबत्त्या घेऊन पॅसेजमधून जाते तेव्हा उजेड तिच्याबरोबर चालतो आणि मागचं घर मिटत जातं. जुन्या वाड्यात कंदील घेऊन माजघरातून परसात जाताना असंच होत असणार. एक सूचना: हा चित्रपट सुरू होताना पडदा पूर्ण काळा असतो आणि फक्त एका लहान मुलीचं गाणं ऐकू येतं, कंपनीचं चिन्ह त्यानंतर येतं. टीव्ही बिघडला समजून रिमोट दाबू नका.

आवाजाकडे येऊ, कारण निम्मी भीती तिथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

त्या काळचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, चित्रफितीच्या कडेला प्रकाशरेषेत छापलेला. त्यात फार खालचे आणि फार वरचे सूर नसतात. म्हणून सबवूफरने या चित्रपटांना काही मिळत नाही. माणसाचा आवाज, ठोके, दाराची कुरकुर हे सगळं मधल्या पट्टीत असतं आणि साधा, चांगला स्पीकर ते देतो. बिघडवतात त्या दोन सोयी. एक 'व्हर्च्युअल सराउंड'. ती मोनो आवाज खोलीभर पसरवते आणि दारावरचा ठोका दारावरून यायचं सोडून कुठूनही येतो. दुसरी 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम'. ती शांतता वर उचलते आणि ठोका खाली दाबते. शेजाऱ्यांसाठी ती सोयीची आहे हे मान्य, पण भीती उभी असते ती शांतता आणि ठोका यांच्यातल्या फरकावर. दोन्ही एका पातळीवर आले की मागे उरतो तो पंख्याचा आवाज. नाइट मोड बंद ठेवा, आवाज बोलणं कळेल एवढाच ठेवा, आणि पंखा दोनवर आणा.

पंखा दोनवर म्हटलं की ठाण्यात ऋतू बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये खिडक्या बंद करून एसीशिवाय बसता येत नाही, आणि एसीचा घों घों आवाज नेमका शांतता खातो. पावसाळा भुताला योग्य वाटतो खरा, पण खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की कुजबुज ऐकू येत नाही. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा बंद, रात्री साडेदहानंतर रस्त्याचा आवाजही उतरलेला.

सबटायटलची एक खोड कुणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी सबटायटल 'एसडीएच' प्रकारचं असतं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ते गरजेचं आहे, पण त्यात "दारावर ठोके" अशी ओळ आवाजाच्या क्षणभर आधीच झळकते. शक्य असेल तर साधं सबटायटल निवडा, त्याचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी करा आणि आकार लहान ठेवा. काळोख्या चित्राखाली पांढरी फटफटीत ओळ असली की नजर सतत तिथेच जाते.

प्रत कोणती आहे, तेही तपासा. 'द हॉन्टिंग' ११२ मिनिटांचा आहे. तुमच्या प्रतीवर १०७ दिसत असेल तर ती सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने पळवलेली आहे आणि आवाज किंचित चढा झालेला आहे. १९५९ च्या 'हाउस ऑन हॉन्टेड हिल'च्या फुकट प्रती जागोजागी मिळतात. त्यातल्या बऱ्याच धुरकट आहेत, आणि एक रंगवलेलीही आहे. रंगवलेली घेऊ नका, काळ्या-पांढऱ्यासाठी केलेली प्रकाशयोजना रंगात सपाट होते. काळोखात चौकोनी डाग हलताना दिसले तर नेट कमी पडतंय असं समजा. राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर जोडा, नाहीतर आधी डाउनलोड करून ठेवा.

आता जे संपलं त्याबद्दल. 'हाउस ऑन हॉन्टेड हिल'चा निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल थिएटरमध्ये प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर सांगाडा सोडायचा. पडद्यावरचा सांगाडा आज कुणालाही घाबरवणार नाही. तरी त्याच चित्रपटात तळघराच्या काळोखात एक म्हातारी पाय न हलवता सरकत निघून जाते, ती दोन सेकंदं अजून जिवंत आहेत. चालणं माहीत असलेल्या डोळ्याला न चालता पुढे सरकणारं शरीर सहन होत नाही. रामसे बंधूंचंही तेच. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी हा राक्षस जवळून दाखवला की मेकअप दिसतो. तोच उंच आकार पाठीमागच्या उजेडात दूर उभा असला की अजून पोटात गोळा येतो. मधे येणारी विनोदी पात्रं मात्र आज सहन होत नाहीत, आणि भीती तोडण्याचं काम मुखवट्यापेक्षा तीच जास्त करतात.

'पोल्टरगाइस्ट'चं (१९८२) उदाहरण फार बोलकं आहे. त्यातला आरशासमोर चेहरा सोलण्याचा प्रसंग आज रबर वाटतो. पण स्वयंपाकघरातला खुर्च्यांचा प्रसंग बघा. बाई खुर्च्या टेबलाखाली सरकवते, कॅमेरा तिच्याबरोबर बाजूला वळतो, परत येतो, आणि सगळ्या खुर्च्या टेबलावर एकमेकींवर रचलेल्या. मधे कुठेही कट नाही. कॅमेरा वळलेला असताना माणसांनी आधीच रचून ठेवलेल्या खुर्च्या आणून ठेवल्या. लख्ख दिवसाउजेडी, चहाच्या वेळी.

आपल्याकडच्या चित्रपटांना एक वेगळीच अडचण आहे. 'महल', 'बीस साल बाद' (१९६२) आणि मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) हे तिन्ही शेवटी उलगडा करतात. भूत म्हणजे कुणाचं तरी कारस्थान किंवा मनाचा खेळ. त्यामुळे दुसऱ्यांदा पाहताना भीती ओसरते. तरीही 'महल'चा सुरुवातीचा भाग मी कोणत्याही परदेशी चित्रपटाच्या बरोबरीने ठेवेन. वादळी रात्र, रिकामा महाल, माळ्याने सांगितलेली हकीकत, भिंतीवरची तसबीर, आणि मग 'आयेगा आनेवाला'. छायालेखन म्युनिकच्या योसेफ विरशिंगचं, म्हणून सावल्या म्युनिकच्या आणि महाल आपला. ते गाणं दुरून जवळ येतं. लताबाईंनीच सांगितलं आहे की त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. आज एखादं बटण फिरवून जे करतात ते तेव्हा पायांनी केलं, आणि म्हणून ते अंतर खरं वाटतं. हेडफोन लावून फक्त सुरुवातीच्या संथ ओळी ऐका, आवाजाभोवतीची खोली मोजता येते.

'हा खेळ सावल्यांचा'मध्ये काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे आहेत. घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह ठाण्यातच असल्यामुळे हा चित्रपट इथल्या लोकांनी तरी एकदा शांतपणे पाहावा असं मला वाटतं. 'काजल रातीनं ओढून नेला' सगळ्यांना पाठ असतं, चित्रपट फारच थोड्यांनी सलग पाहिलेला असतो.

तरुण मंडळींचा एक आक्षेप मला खरा वाटतो: वाड्यात तळघर असतं, माडी असते, भिंतीतलं बळद असतं, आमच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया तर करारात इंचाइंचाने लिहिलेला आहे, इथे लपणार कोण? राम गोपाल वर्मांनी २००३ च्या 'भूत'मध्ये याचं एक उत्तर दिलं. उंच इमारत, लिफ्ट, वॉचमन, आणि एकही गाणं नाही. पण जुन्या चित्रपटांतही फ्लॅटची भीती आहे, फक्त ती ओळखावी लागते.

'द चेंजलिंग' (१९८०) घ्या. भाड्याच्या मोठ्या घरात एकटा राहणारा संगीतकार, आणि रोज पहाटे सहाच्या सुमारास घरभर घुमणारे ठोके. त्याला सांगतात, पाइप असतील. आता वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतीत किंवा नौपाड्यातल्या चार मजली सोसायटीत राहणाऱ्याला विचारा, पहाटे पंप सुरू झाला की काय होतं. वाहतं पाणी एखाद्या व्हॉल्व्हने झटकन अडवलं की दाबाची लाट मागे फिरते आणि पाइपावर आदळते. पाइपाचा क्लॅम्प सैल असेल तर तो भिंतीवर ठोके देतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. वरच्या मजल्यावरचं बोलणं बाथरूमच्या डक्टमधून शब्द न कळता खाली येतं, ते वेगळंच. कारण माहीत असतं, तरी पहाटे अर्धवट झोपेत ते माहीत नसतं. चित्रपट नेमका तिथे हात घालतो. त्यात जिन्यावरून एक लहान रबरी चेंडू टप्पे खात खाली येतो. माणूस तो घेऊन गाडीने पुलावर जातो, नदीत फेकतो, घरी येतो. दार लावतो. चेंडू पुन्हा जिन्यावरून खाली येतो, आणि या वेळी तो ओला असतो.

हल्लीच्या चित्रपटांनी आपल्याला शांततेनंतर दणका मिळण्याची सवय लावली आहे. दणका ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया, ती झाली की ताण मोकळा होतो आणि माणूस हसतो. जुन्या घरांत शांतता येते आणि दणका येत नाही. ज्यांना नवीन चित्रपटांचीच सवय आहे त्यांना पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, म्हणून त्यांना सुरुवातीला 'द चेंजलिंग' दाखवावा. रंगीत आहे, वेगही ओळखीचा. मग 'द इनोसंट्स', आणि 'द हॉन्टिंग' शेवटी. मधे इंटरव्हल घेऊ नका. चहा आधी.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दाखवायचा असेल तर आधी प्रदर्शनाची रीतसर परवानगी घ्या. तिथली फरशी टाइल्सची आणि भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत. सतरंज्या अंथरा, एका भिंतीला जाड पडदे लावा. छतातले स्पीकर वापरू नका, एक स्पीकर पडद्याखाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. भिंत क्रीम रंगाची असेल तर पांढरा कपडा ताणून बांधा. प्लास्टिकच्या खुर्च्या कुरकुरतात, लोकांना सतरंजीवरच बसवा.

'द हॉन्टिंग'मधला आणखी एक प्रसंग ठाण्याच्या घरांसाठीच लिहिल्यासारखा आहे. रात्री अंथरुणात पडलेली नायिका एलिनॉर भिंतीकडे बघते. भिंतीवर पानाफुलांची उठावाची नक्षी आहे. पलीकडून कुणीतरी पुटपुटतंय, शब्द कळत नाहीत. कॅमेरा भिंतीवरच थांबतो, उजेड अगदी हळू बदलतो, आणि नक्षीत हळूहळू डोळ्यांच्या खाचा आणि उघडं तोंड दिसू लागतं. भिंतीत काहीच हलत नाही, चेहरा आपला मेंदू जुळवतो. ती काळोखात शेजारणीचा समजून एक हात घट्ट धरून ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, रंग फुगतो, पोपडे धरतात, आणि रस्त्यावरून गाडी वळली की तिचा उजेड त्यावरून सरकतो. हा प्रसंग पाहून झाल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून झोपून बघा.